झाकलेलं कोंबडं, फुटलेलं तांबडं

गोरेगावच्या आरे वसाहतीतल्या पाड्यांवर पावसाळा सरल्यावर गेलं, की एखाद्या अंगणात रवणावरून नुकतीच उठलेली गावठी कोंबडी हटकून भेटते. मागे सात-आठ पिल्लं. माती उकरत चाललेली ती वरात जरा खाली बसून पाहावी. एका पिल्लाच्या तपकिरी पाठीवर खारीसारखे पट्टे असतात. दुसरं काळंभोर, पण छाती-पोट पांढुरकं. तिसरं लोण्यासारखं फिकट पिवळं, अंगावर एकही रेघ नाही. चौथं काळंच, मात्र टाळूवर पांढरा ठिपका. सगळी एकाच आईच्या पंखाखाली उबलेली. तरीही पट्टा, काळिमा, पिवळेपणा आणि तो ठिपका यांतली प्रत्येक गोष्ट पिल्लाच्या पुढच्या पिसांबद्दल काहीतरी सांगते. ठिपका तर बऱ्याचदा नर की मादी हेही सांगून जातो.

याच आरे वसाहतीत केंद्र सरकारच्या मध्यवर्ती कुक्कुट विकास संघटनेचं पश्चिम विभागाचं केंद्र आहे. चंदीगड, भुवनेश्वर आणि बंगळूरजवळचं हेसरघट्टा यांच्यासह देशात अशी चारच केंद्रं आहेत. परसातल्या कुक्कुटपालनाला रंगीत पिसांची पिल्लं पुरवणं आणि पाळणाऱ्यांना प्रशिक्षण देणं हे त्यांचं काम. तिथून काही किलोमीटरवर कुर्ल्याच्या आणि पुढे क्रॉफर्ड मार्केटच्या पक्षीबाजारात मात्र वेगळाच व्यवहार चालतो. मऊ केसाळ सिल्की, डोक्यावर पिसांचा टोप असलेली पॉलिश, पायांत पिसं घातलेली ब्रह्मा, मुठीएवढी बँटम. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपरच्या बैठ्या घरांत आणि गच्च्यांवर शोभेच्या कोंबड्या पाळणारे हौशी लोक या बाजारांतून जोड्या नेतात. भाव लागतो तो रंग पाहून. अंड्यातून मात्र जे निघतं ते आईबापांच्या रक्तात काय दडलं होतं त्यावर ठरतं. या दोन गोष्टींत अंतर पडतं तिथेच हौशी माणूस फसतो. ते अंतर कसं पडतं याचा शोध गेली सव्वाशे वर्षं चालू आहे, आणि त्यातलं बरंचसं आज निश्चित सांगता येतं.

मेंडेलचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात हे पहिल्यांदा दाखवलं ते कोंबड्यांनीच. १९०२ मध्ये इंग्लंडच्या विल्यम बेटसन यांनी तुऱ्यांच्या संकरावरून ते मांडलं. पुढे त्यांनी रेजिनल्ड पनेट यांच्यासोबत तुरा, पिसं, कातडी अशा एकेका लक्षणाची पिढ्यान्‌पिढ्यांची मोजदाद केली. अनुवंशशास्त्राच्या पुस्तकात आज प्रत्येक विद्यार्थी काढतो तो पनेट चौकोन याच पनेटांचा. १९५७ मध्ये भारतात येऊन इथलेच नागरिक झालेले जे. बी. एस. हॉल्डेन यांनीही तरुणपणी, १९२१ मध्ये, कोंबड्यांच्या जनुकांच्या साहचर्यावर लिहिलं होतं.

कोंबडीच्या पिसात रंगद्रव्यं दोनच. एक काळं, दुसरं तांबूस-सोनेरी. दोन्ही मेलॅनिनचेच प्रकार. मोराच्या निळ्यासारखी हिरवी-जांभळी झाक दिसते ती रंगद्रव्याची नसते, पिसाच्या बारीक रचनेवर प्रकाश खेळतो त्याची असते. रंग तयार करणाऱ्या पेशी गर्भात पाठीच्या कण्याच्या बाजूला जन्मतात आणि तिथून सरकत सरकत कातडीपर्यंत येतात. मग प्रत्येक पीस वाढत असताना त्याच्या मुळाशी बसून त्या रंग भरतात. शोभेच्या कोंबड्यांच्या शेकडो रंगछटा म्हणजे या एवढ्याशा व्यवस्थेत कुठे, केव्हा आणि किती रंग भरायचा याचे वेगवेगळे हुकूम.

पहिला हुकूम देणारं जनुक म्हणजे 'ई'. पेशीच्या पृष्ठभागावरचा एक ग्राहक ते घडवतं आणि काळं द्रव्य बनवायचं की तांबडं याचा कौल तो ग्राहक देतो. त्याची अनेक रूपं आहेत. सर्वांत जोरकस रूप पक्षी नखशिखांत काळा करतं. रानटी रूपात नर तांबडा-सोनेरी, छाती काळी आणि मादी तपकिरी, म्हणजे रानातल्या तांबड्या कोंबड्यासारखी जोडी. आणखी एका रूपात मादी गव्हाळ होते. आरेच्या अंगणातली पिल्लं हेच सांगत असतात. खारीचे पट्टे रानटी रूपाचे, काळं अंग जोरकस रूपाचं, लोण्यासारखा पिवळा रंग बहुधा गव्हाळ रूपाचा. पिसं यायच्या आधीच पाया कळतो तो असा.

पायावर मग नक्षी चढते. काळा रंग अंगावरून हटवून फक्त मान, शेपूट आणि पंखांच्या टोकांवर ठेवणारं एक जनुक आहे. चंदेरी पक्ष्यात ते आलं की लाइट ब्रह्मा दिसते: पांढरं अंग आणि मानेवर काळ्या रेघांची झालर. या नक्षीला कोलंबियन म्हणतात, कारण तशी कोंबडी १८९३ च्या शिकागो येथील कोलंबियन जागतिक प्रदर्शनात गाजली. आणखी दोन जनुकं सोबत आली, की रंग प्रत्येक पिसाच्या कडेला सरकतो आणि पीस काठ लावल्यासारखं दिसतं. सेब्राइट बँटमची ओळख हीच. हा काठ एका जनुकाचा नाही. तीन-चार जनुकं एकत्र असतील तरच तो रेखीव उमटतो. म्हणून सेब्राइटचा गावठीशी एकदा संकर झाला, की काठ दोन पिढ्यांत विस्कटतो आणि परत जमवायला अनेक पिढ्या लागतात.

सेब्राइटमध्ये आणखी एक नवल आहे. तिथे कोंबड्यालाही कोंबडीसारखीच पिसं येतात. लांब टोकदार मानपिसं नाहीत, शेपटीची कमान नाही. कातडीतच नराचं संप्रेरक मादीच्या संप्रेरकात बदलतं म्हणून हे घडतं. उलट, एखाद्या म्हाताऱ्या कोंबडीचा बीजकोश निकामी झाला, की तिला कोंबड्याची पिसं फुटतात. ती आरवलीही, तर गावात अपशकुन मानून तिची मान मुरगळली जाते. कारण असतं फक्त संप्रेरकाचं.

आता झाकलेल्या रंगाकडे. चार्ल्स डार्विन यांनी १८६८ च्या पाळीव प्राणी-वनस्पतींवरच्या ग्रंथात एक प्रयोग नोंदवला आहे. काळा स्पॅनिश कोंबडा आणि पांढरी सिल्की कोंबडी यांच्या संकरातून त्यांना रानटी पूर्वजासारखा तांबडा-नारिंगी पिसांचा एक कोंबडा मिळाला. आईबापांत तांबडं कुठेच दिसत नव्हतं. मराठीत कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही म्हणतात, ते इथे शब्दशः घडलं होतं. पांढरं कोंबडं म्हणजे रंग नसलेलं कोंबडं, ही समजूतच चुकीची आहे. पांढऱ्या पिसांमागे काळा, तांबडा, पट्टेरी, कुठलाही रंग शाबूत असू शकतो. पांढरेपणा फक्त त्यावर पांघरूण घालतो.

ही पांघरुणंही निदान दोन प्रकारची. व्हाइट लेगहॉर्नचा पांढरा रंग प्रभावी आहे. एकाच पालकाकडून आला तरी पुरतो, आणि तो काळ्या द्रव्यावरच मुख्यतः चालतो, म्हणून अशा संकरित पिल्लात अधूनमधून काळे शिंतोडे किंवा तांबूस झाक राहून जाते. व्हाइट वायंडॉटचा पांढरा मात्र अप्रभावी. रंग बनवणाऱ्या मूळ विकराच्या जनुकात पूर्वी कधीतरी एक विषाणूचा तुकडा घुसून बसल्यामुळे तो आला, आणि दोन्ही पालकांकडून मिळाला तरच दिसतो. दोन्ही पांढरे पक्षी शेजारी ठेवले तर डोळ्याला फरक कळत नाही. त्यांचा संकर केला तर मुलं सगळी पांढरी. त्या मुलांची आपसात जोडी लावली, की नातवंडांत दर सोळांमागे सरासरी तीन रंगीत निघतात. हिशेब माहीत नसलेल्या हौशी माणसाला वाटतं, बाहेरचा कोंबडा गच्चीवर येऊन गेला.

निळ्या कोंबडीची गोष्टही अशीच. बाजारात ज्याला निळा म्हणतात तो खरं तर शाळेच्या पाटीचा राखी रंग. अँडल्युशियन कोंबडीच्या पिसाला तर त्यावर गडद कडही असते. हा रंग काळ्या पक्ष्यात निळ्या जनुकाची एक प्रत आली की होतो; दोन प्रती आल्या की पक्षी जवळजवळ पांढरा, शाईचे शिंतोडे उडाल्यासारखा. निळ्याची जोडी निळ्याशी लावली तर पिल्लांत साधारण एक काळं, दोन निळी, एक शिंतोड्यांचं असं प्रमाण पडतं. म्हणजे निळी जात शुद्ध करून ठेवता येतच नाही. ज्याला सगळी पिल्लं निळी हवीत त्याने निळा पक्षी वापरूच नये. काळा आणि शिंतोड्यांचा, अशी जोडी लावावी. शंभर टक्के निळी निघतात.

पण निळसर दिसणारा दुसराही एक रंग आहे, लॅव्हेंडर. इथे द्रव्य कमी होत नाही. ते पेशीतून पिसात नीट पसरवणाऱ्या प्रथिनात बिघाड असतो, म्हणून रंग फिका पडतो. हा अप्रभावी असल्यामुळे शुद्ध राहतो. लॅव्हेंडर आणि लॅव्हेंडर मिळून लॅव्हेंडरच. एखाद्याने निळ्या कोंबड्याला जुळणारी म्हणून लॅव्हेंडर तलंग आणली, तर पिल्लं अर्धी निळी, अर्धी काळी निघतात आणि लॅव्हेंडर एकही नाही. विकणाऱ्याने खोटं सांगितलेलं नसतं. त्यालाही दोन्ही पक्षी राखीच दिसत होते.

टाळूवरच्या पांढऱ्या ठिपक्याकडे परत यायला हवं, कारण त्यात पोटापाण्याचा प्रश्न आहे. माणसात मुलगा की मुलगी हे बापाकडून ठरतं. पक्ष्यांत ते आईकडून. कोंबड्यात झेड नावाची दोन गुणसूत्रं, कोंबडीत एक झेड आणि एक डब्ल्यू. मुलीला झेड फक्त बापाकडून मिळतं. पट्टेरी पिसांचं जनुक आणि चंदेरी-सोनेरी ठरवणारं जनुक, दोन्ही या झेडवर बसलेली. पट्टेरी पीस एक काळा, एक पांढरा असे पट्टे घेऊन वाढतं, कारण त्या जनुकामुळे रंगपेशी थोडा वेळ काम करून लवकर संपतात, मग नव्या येतात, त्याही संपतात. पट्टेरी प्लिमथ रॉकच्या कोंबड्यात याच्या दोन प्रती असतात, म्हणून त्याचे पांढरे पट्टे रुंद आणि तो कोंबडीपेक्षा उजळ दिसतो.

आता तांबडा ऱ्होड आयलंड रेड कोंबडा आणि पट्टेरी प्लिमथ रॉक कोंबडी अशी जोडी लावा. आईचं पट्टेरी झेड फक्त मुलग्यांकडे जातं. नर पिल्लांच्या काळ्या डोक्यावर पांढरा ठिपका, माद्या काळ्या. पहिल्याच दिवशी ती टोपल्यांत वेगळी करता येतात. जोडी उलटी लावली, म्हणजे पट्टेरी कोंबडा आणि तांबडी कोंबडी, तर सगळीच पिल्लं ठिपक्याची निघतात आणि काहीच कळत नाही. सोनेरी कोंबडा आणि चंदेरी कोंबडी यांच्या पिल्लांत हीच सोय होते. माद्या सोनेरी, नर पांढुरके. तपकिरी अंडी देणाऱ्या व्यापारी जाती जगभर याच युक्तीवर चालतात. पनेट यांनी तर केंब्रिजला १९२० च्या दशकाच्या अखेरीस अशी जातच तयार केली, जिच्यात नर-मादी पिल्लं रंगावरून दर पिढीत ओळखता येतात. गच्चीवर चार कोंबड्या ठेवायच्या आहेत पण आरवणारा कोंबडा शेजाऱ्यांना नको, अशा उपनगरातल्या माणसाला या ज्ञानाचा उपयोग थेट आहे.

महाराष्ट्राला या विषयाचा सर्वांत महाग धडा मिळाला तो कडकनाथकडून. मध्य प्रदेशातल्या झाबुआ-अलीराजपूर भागात भिल्ल-भिलाला लोकांनी जपलेली ही जात. तिथे तिला कालामासी म्हणतात. कातडी, मांस, हाडावरचं आवरण, सगळं काळपट. झाबुआला २०१८ मध्ये तिचं भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच काळात ती महाराष्ट्रात श्रीमंतीचा मार्ग म्हणून विकली गेली आणि २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर भागात कडकनाथ पालनाच्या योजनेत हजारो शेतकऱ्यांचे पैसे बुडाले. त्या गदारोळात एक साधी गोष्ट मागे राहिली: काळं मांस म्हणजे शुद्ध कडकनाथ नव्हे.

काळ्या मांसाचं कारण एका गुणसूत्रावरचा तुकडा दुणावला जाणं हे आहे. रंगपेशींना वाढीचा निरोप देणारं जनुक त्या तुकड्यात असतं. प्रती वाढल्या, निरोप वाढला आणि एरवी ज्या आतड्या-स्नायूंपर्यंत रंगपेशी जात नाहीत तिथेही त्या पोचल्या. हाच बदल चीनच्या सिल्कीत आणि इंडोनेशियाच्या अयाम सेमानीतही सापडतो. आणि तो प्रभावी आहे. एक प्रत पुरते. त्यात झेडवरचं आणखी एक जनुक हात घालतं, जे कातडीतली काळी छटा दाबतं. पिवळ्या पायांच्या बहुतेक कोंबड्यांत ते असतं, कडकनाथमध्ये नसतं. म्हणून कडकनाथ कोंबडा पिवळ्या पायांच्या कोंबडीवर सोडला, तर मुली चांगल्या काळ्या निघतात आणि मुलगे फिके. उलट जोडीत सगळीच फिकी. बेटसन आणि पनेट यांनी १९११ मध्ये सिल्की आणि तपकिरी लेगहॉर्न वापरून नेमका हाच नमुना दाखवला होता. शंभर वर्षांनी तोच बाजारात विकला जातो: अर्ध्या रक्ताच्या काळ्या तलंगा, कडकनाथच्या भावाने. त्या घेणाऱ्याच्या पुढच्या पिढीत गोऱ्या कातडीची पिल्लं निघतात, तेव्हा विकणारा निघून गेलेला असतो. पिसांवरूनही ओळख पटत नाही, कारण अस्सल कडकनाथमध्येच पूर्ण काळा, मानेवर चंदेरी रेघांचा आणि सोनेरी असे तीन प्रकार मान्य आहेत. काळ्या अंड्यांचे फोटो दाखवून कुणी विकत असेल तर तिथेच थांबावं. कडकनाथचं अंडं फिकट तपकिरी असतं.

पिवळ्या पायांची गोष्ट सह्याद्रीची आहे. डार्विन यांच्या मते साऱ्या पाळीव कोंबड्या तांबड्या रानकोंबड्यापासून आल्या, आणि मुख्य प्रवाहापुरतं ते खरं ठरलं. पण तांबड्या रानकोंबड्याची कातडी पिवळी नसते. २००८ मध्ये स्वीडनच्या उप्साला येथील संशोधकांनी दाखवलं, की पिवळ्या कातडीचं जनुक आलं ते राखी रानकोंबड्याकडून. मानेच्या पिसांवर मेणाच्या थेंबांसारखे पिवळे-पांढरे ठिपके मिरवणारा, सह्याद्रीच्या झाडीत पहाटे तुटक आवाजात आरवणारा तो पक्षी. मक्यातला पिवळा रंग कातडीत मोडणारं विकर या जनुकाच्या पक्ष्यात कातडीपुरतं बंद असतं, म्हणून रंग साठतो. कधीतरी, कुठल्यातरी वस्तीच्या कडेला, त्याचा पाळीव कोंबडीशी संबंध आला. आज जगभरातल्या बहुतेक व्यापारी कोंबड्यांचे पाय पिवळे आहेत त्याचं मूळ दक्षिण-पश्चिम भारतातल्या या रानपाखरात आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याची शिकार आणि विक्री बंद आहे. संकराची हौस म्हणून तो पकडणारा माणूस गुन्हेगार ठरतो.

गावरान कोंबडीला रंगाचा दुहेरी फायदा असतो. घार, मुंगूस आणि आरेत तर बिबट्याही, यांच्या नजरेला पांढरं कोंबडं चटकन पडतं, मातकट पिसांचं कमी. शिवाय गिऱ्हाईक रंगीत पक्ष्याला गावठी समजून जास्त दाम देतं. हैदराबादला वनराजा आणि बंगळूरला गिरिराजा या सुधारित जाती तयार करताना पिसं मुद्दाम रंगीत ठेवली ती यासाठी. याची दुसरी बाजू म्हणजे रंगीत पीस गावरानपणाचा पुरावा राहिलेलं नाही. पाड्यावरच्या पिल्लाच्या टाळूवर ठिपका दिसतो तेव्हा आज्या-पणज्यांत कुणीतरी बाहेरून आलेलं असण्याची शक्यता बरीच. झुंजीसाठी पाळल्या जाणाऱ्या असील जातीच्या जुन्या जाणकारांनी पिला, कागर, याकूब, नुरी, चित्ता, सब्जा, रेजा अशी रंगांची नावं ठेवली, पण पक्षी निवडताना त्यांची नजर मान, पाय, हाड आणि घराण्याकडेही असे. झुंजींवर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने बंदी आली, ते योग्यच झालं. घराणं सांगण्याची सवय मात्र शोभेच्या कोंबड्यांच्या बाजारात यायला हवी होती, ती आलेली नाही.

हौशी पालकाला प्रयोगशाळा लागत नाही. काळा कोंबडा लॅव्हेंडर लपवतो आहे का हे पाहायचं, तर तो लॅव्हेंडर कोंबडीला लावायचा. तो लपवत असेल तर सरासरी निम्मी पिल्लं लॅव्हेंडर निघतील. पाच पिल्लं सगळी काळी निघाली तरी चुकण्याची शक्यता ३२ मध्ये एक उरते. दहा काळी निघाली तर १०२४ मध्ये एक. म्हणजे एका रवणात उत्तर मिळतं. चाचणीच्या काळात मादीजवळ दुसरा कोंबडा नको, आणि आधीच्या कोंबड्याचा परिणाम जाण्यासाठी निदान तीन आठवडे थांबायला हवं. नवा पक्षी आणला तर तो काही आठवडे वेगळा ठेवावा. २००६ मध्ये देशातली पहिली बर्ड फ्लूची साथ नंदुरबारच्या नवापुरात आली तेव्हा कळपच्या कळप मारावे लागले होते. लहान गच्चीवर एकच कोंबडा वर्षानुवर्षं ठेवला आणि त्याच्याच मुली त्याला लागत गेल्या, तर रंग चांगला टिकतो, पण अंडी उबत नाहीत आणि पिल्लं अशक्त निघतात. अंधेरी-बोरिवलीच्या पालकांनी कोंबडे आपसात बदलावेत, आणि कोंबड्यासोबत त्याच्या आईबापांची नोंदही द्यावी.

पाड्यावरच्या बायका कोंबडी रवणाला बसवताना अंड्यांवर कोळशाने खूण करतात. दुसरी कोंबडी मध्येच येऊन अंडं घालून गेली तर ते ओळखू यावं म्हणून. त्याच खुणेशेजारी आईचा एक आकडा लिहिला, पिल्लू निघताच त्याच्या पायात रंगीत कडी घातली आणि वहीत एक ओळ टाकली, की बेटसन यांनी १९०२ मध्ये जे केलं तेच काम आरेच्या अंगणात किंवा मुलुंडच्या गच्चीवर सुरू होतं. पुढच्या वर्षी काळ्या जोडीतून राखी पिल्लू निघालं, तर वही उघडून ते कुणाचं नातवंड हे सांगता येईल.